लांडस्टूलला जन्मलेलं बाळ आपोआप अमेरिकन होतं का? आधी बापाचे दिवस मोजा

एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. भाऊ अमेरिकन आर्मीत, २०२५ च्या जानेवारीपासून जर्मनीत काइझर्सलाउटर्नला पोस्टिंग. वहिनी भारतीय पासपोर्टवर, ग्रीन कार्ड अजून नाही. २०२६ च्या डिसेंबरात बाळंतपण, लांडस्टूलच्या मिलिटरी हॉस्पिटलात. भाऊ म्हणतो बेस म्हणजे अमेरिकेचीच जमीन, बाळ आपोआप सिटिझन, काही करायला नको. युनिटमधल्या दोघांनी त्याला तसंच सांगितलंय. इकडे ताईंना कुणीतरी सांगितलं की २०१९ मधे नियम बदलला आणि आता परदेशात जन्मलेल्या सैनिकांच्या पोरांना सिटिझनशिप मिळतच नाही. शिवाय एक मावसभाऊ ब्रिटिश आर्मीत सायप्रसला आहे, त्याचंही हेच का, असं शेवटी विचारलंय.

मी वकील नाही, पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या हाताखाली फायली करणारी, आहे. सोळा वर्षं इमिग्रेशनच्या फायली करतेय, त्यातली सात त्याच भागात, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिथं कुणी काइझर्सलाउटर्न म्हणत नाही, के-टाउन म्हणतात. तर या प्रश्नाच्या किती फायली माझ्या टेबलावरून गेल्या त्याची गणती नाही, आणि दर वेळी सुरुवात त्याच वाक्याने होते, "पण बेस तर अमेरिकेचीच जमीन ना?"

नाही. जमीन जर्मनीची आहे, अमेरिकेला करारानं वापरायला दिलेली. गेटवर अमेरिकन पोरगा बंदूक घेऊन उभा असतो, आत डॉलर चालतात, बर्गरची चव टेक्सासची असते, म्हणून माणसाला वाटतं आपण अमेरिकेत आलो. पण घटनेची चौदावी दुरुस्ती, जिच्यामुळे अमेरिकेत जन्मलेलं मूल सिटिझन होतं, ती बाहेरच्या तळांना लागू होत नाही, दूतावासांनाही नाही. हे स्टेट डिपार्टमेंटच्या, म्हणजे अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या, स्वतःच्या मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय, आणि लोकांचा समज उलटा आहे हेही तिथेच नोंदवलंय. आणि तुमच्या भावाला पटत नसेल तर त्याला एवढंच विचारा, की लांडस्टूलला बाळ झाल्यावर नोंद करायला जर्मन श्टांडेसाम्टमधे, म्हणजे त्यांच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात, का जावं लागतं? ओहायोत बाळ झालं तर कुणी जर्मन कारकुनाकडे जातं का?

आता दुसरी बाजू, नाहीतर ताई घाबरतील. बाळ अमेरिकन सिटिझन होऊ शकतं, आणि तुम्ही दिलेल्या तारखा बघता होईल असंच मला वाटतं. पण ते जमिनीमुळे होणार नाही, बापामुळे होईल, आणि बापाची एक अट आहे.

आई-बाप दोघं सिटिझन असते आणि लग्न झालेलं असतं तर विषय सोपा होता, दोघांपैकी एकाचं बाळाच्या जन्माआधी कधीतरी अमेरिकेत वास्तव्य झालेलं असलं की पुरे. तुमच्याकडे एक सिटिझन आणि एक परदेशी. अशा वेळी कायदा बघतो की जो सिटिझन पालक आहे तो बाळाच्या जन्माआधी एकूण ५ वर्षं अमेरिकेत प्रत्यक्ष हजर होता का, आणि त्यातली किमान २ वर्षं त्याच्या वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची आहेत का. प्रत्यक्ष हजर म्हणजे शरीरानं. घर तिथं होतं, टॅक्स भरत होतो, ग्रीन कार्ड खिशात होतं, हे सगळं चालत नाही. पण सलग ५ वर्षं लागत नाहीत, तुकडे जोडून चालतात. आणि ती वर्षं सिटिझन म्हणूनच काढलेली असायला पाहिजेत असंही नाही, स्टुडंट व्हिसावरची, एच-फोरवरची (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या घरच्यांचा व्हिसा), ग्रीन कार्डवरची, सगळी चालतात. सिटिझन असणं मात्र बाळाच्या जन्माच्या क्षणी लागतं. बाळ मंगळवारी झालं आणि बापाची सिटिझनशिपची शपथ शुक्रवारी, तर बापाची अमेरिकेत वीस वर्षं झालेली असोत, या कलमाखाली काही मिळत नाही. असं एक जोडपं मी पाहिलंय, दोन आठवड्यांनी चुकलं होतं. त्यांना दुसऱ्या रस्त्यानं मिळालं, पण वर्ष गेलं त्यात. तुमच्या भावाची शपथ २०२३ ला झाली म्हणता, म्हणजे ती काळजी मिटली.

आता खरी अडचण कुठं आहे ते बघा, कारण हे आर्मीतल्या देशी पोरांच्या बाबतीतच जास्त होतं. फौजेत भरती झाल्यावर सिटिझनशिप लवकर मिळते, बाहेरच्या माणसाला ग्रीन कार्डनंतर साधारण ५ वर्षं थांबावं लागतं, फौजीला नाही. म्हणजे पोरगा अमेरिकेत येऊन दोन-अडीच वर्षात सिटिझन होतो, त्याला वाटतं आता सगळं झालं, मग लग्न, मग पोस्टिंग, मग बाळ. पण बाळाला सिटिझनशिप द्यायची तर ५ वर्षं लागतात आणि ती अट फौजीसाठी कमी केलेली नाही. स्वतःची लवकर मिळाली म्हणूनच पोराची अडकते, अशी ही गंमत.

पण फौजीला एक सवलत आहे आणि तुमची फाइल तिच्यावरच उभी आहे. अमेरिकेच्या सैन्यात इमानेइतबारे केलेल्या नोकरीचा परदेशातला काळही अमेरिकेत हजर असल्यासारखा धरतात. युनिफॉर्ममधे जर्मनीत काढलेला दिवस म्हणजे अमेरिकेतला दिवस. (सरकारी नोकरांनाही आहे हे, आणि फौजीच्या घरात वाढलेल्या अविवाहित मुलांना त्यांच्या स्वतःच्या हिशोबासाठी. खासगी कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टरला मात्र नाही, तोच बेस, तीच कॅन्टीन, तरी नाही.)

चला, तुमच्या भावाचं मांडू. फेब्रुवारी २०२१ ला आईवडिलांबरोबर फॅमिली ग्रीन कार्डवर आला. नोव्हेंबर २०२१ ला डिग्री पुरी करायला पुण्याला गेला. म्हणजे ९ महिने. मे २०२२ ला परत आला, सप्टेंबरात भरती झाला, जानेवारी २०२५ ला जर्मनीला गेला, हे झाले ३२ महिने. बेरीज ४१, म्हणजे ३ वर्षं ५ महिने. इथंच थांबलो तर बाळाला सिटिझनशिप नाही. आता जर्मनीतले जानेवारी २०२५ ते डिसेंबर २०२६ हे २३ महिने घाला, ६४ झाले, ५ वर्षं ४ महिने. लग्नासाठी घेतलेली महिन्याभराची रजा मी माझ्या हिशोबात वजा करते, लागत नसली तरी करते, पुरून उरतंय तर त्या महिन्यावरून कॉन्सुलेटच्या खिडकीत वाद कशाला घाला. ६३ महिने. चौदाव्या वर्षानंतरची २ वर्षं वगैरे तर झालीच, तो आलाच विशीत. म्हणजे ३ महिन्यांचं अंतर आहे. बाळ थोडं लवकर आलं तरी निभावतं, पण ऐसपैस नाही. म्हणून म्हणते, "काही करायला नको" हे भावाचं वाक्य चुकीचं आहे. हे ६३ महिने कागदावर दाखवावे लागणार आहेत, आणि पहिले ९ महिने, जेव्हा तो फौजेत नव्हता आणि बहुतेक काकांच्या दुकानात बसत होता, तेच दाखवायला सगळ्यात अवघड जाणार आहेत.

हे मोजणं कसं असतं त्याचं एक उदाहरण सांगते. एक नागपूरचा पोरगा होता, त्याची बायको आठव्या महिन्यात, दोघं रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसले होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर उलटं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं तारखा लिहायला लागले, गेला, आला, गेला, आला. तो सांगत होता आणि ती मधेमधे दुरुस्त करत होती, "नाही रे, ताईच्या डोहाळजेवणाला तू होतास इथं, फोटो आहे." सगळं धरून ४ वर्षं १० महिने. २ महिने कमी. पोरगा गप्प झाला, ती रडायला लागली, माझा चहा उतू गेला. मग मी सवयीनं विचारलं, लहानपणी कधी आला होतास का अमेरिकेला? तर म्हणे हो, बाबांचं प्रोजेक्ट होतं न्यू जर्सीत, पाचवी-सहावीत असताना, चौदा महिने होतो, पण ते तर एच-फोरवर होतं ना, ते कुठं धरतात? धरतात! अहो धरतात की. चौदाव्या वर्षाआधीचे दिवस त्या २ वर्षांत धरत नाहीत, पण एकूण ५ वर्षांत धरतात. ४ वर्षं १० महिने अधिक १४ महिने, सरळ ६ वर्षं. मग नागपूरला फोन, तिथं त्याच्या आत्यानं माळ्यावरच्या ट्रंकेतून त्याचं तिकडच्या शाळेचं रिपोर्ट कार्ड शोधून काढलं, त्यावर हजेरीचे दिवससुद्धा छापलेले होते. गणितात बी मायनस. त्या बी मायनसवर पोरीची सिटिझनशिप लागली असं आम्ही अजून म्हणतो. तर ताई, भावाला नुसतं "कधी आलास" नका विचारू, "लहानपणी कधी आला होतास का, सुट्टीला तरी" असं विचारा. पर्यटक म्हणून मामाकडे काढलेले दोन महिनेसुद्धा दोन महिनेच असतात.

कागद कुठले, तर जे त्या माणसाचं शरीर तिथं होतं हे दाखवतील ते. सरकारच्या आय-९४ च्या साइटवर गेल्या काही वर्षांचा येण्याजाण्याचा इतिहास मिळतो, तो आधी काढा, पण त्यावर पूर्ण भिस्त नको, कधी कधी एखादी एंट्री गायब असते. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, शाळेचे दाखले, पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कागद), लसीकरणाचं कार्ड, घरभाड्याचा करार. फौजेतल्या काळासाठी ऑर्डर्स आणि एलईएस, म्हणजे दर महिन्याचा पगार-रजेचा कागद, ते भाऊ ऑनलाइन काढू शकतो. टॅक्स रिटर्न लोक पहिल्यांदा घेऊन येतात आणि त्याचा उपयोग सगळ्यात कमी, कारण टॅक्स पुण्यात बसूनही भरता येतो.

बाळ झाल्यावरचा क्रम असा. आधी श्टांडेसाम्टचा जन्मदाखला. मग अमेरिकन कॉन्सुलेटकडे सीआरबीए, म्हणजे परदेशात झालेल्या जन्माची नोंद, त्याचा अर्ज डीएस-२०२९, आणि मागितलं तर सोबत बापानं कुठले दिवस कुठे काढले त्याचं प्रतिज्ञापत्र डीएस-५५०७. तुमच्या भागाला फ्रँकफर्टचं कॉन्सुलेट लागतं, बेसवरचं पासपोर्ट ऑफिस कागद बघून द्यायला मदत करतं, पण निर्णय कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याचा. मंजूर झालं की एफएस-२४० नावाचं सर्टिफिकेट येतं आणि पासपोर्ट. सीआरबीएचा अर्ज मूल १८ चं व्हायच्या आत करावा लागतो, पण म्हणून सोळा वर्षं थांबू नका, आत्ता जे कागद ट्रंकेत आहेत ते तेव्हा नसतील.

इथं दोन गैरसमज फार आहेत. एक, डीअर्समधे, म्हणजे फौजींच्या कुटुंबाच्या रजिस्टरमधे, बाळाचं नाव लागलं आणि ट्रायकेअरचा विमा सुरू झाला म्हणजे सिटिझन झालं. नाही, तिथं परदेशी बायकोचंही नाव असतंच की, वहिनींचं नाही का. दोन, सीआरबीए सिटिझनशिप देतं. तसं नाही. अट पूर्ण असेल तर बाळ जन्मल्या क्षणीच सिटिझन असतं, सीआरबीए त्याचा पुरावा आहे. अट पूर्ण नसेल तर कितीही गोड बोललात तरी अधिकारी देऊ शकत नाही, त्याच्या हातात ते नसतंच. आणि कागद अपुरे म्हणून परत पाठवलं तर ते "सिटिझन नाही" असं होत नाही, कागद जमवून परत जायचं.

वहिनींच्या कागदांचं आत्ताच बघा, कारण आपल्याकडची नावं हा या फायलींमधला कायमचा घोटाळा. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, मधलं नाव एकीकडे वडिलांचं, एकीकडे नवऱ्याचं, आणि कधी तर लग्नात पहिलं नावच बदललेलं. जर्मन कारकून बाई तीन कागद समोर ठेवून विचारते, या तीन बायका कोण? तिला हसू येत नाही. लग्न मंगल कार्यालयात होऊन सरकारी नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या, लग्न झालेलं आहे की नाही यावर अमेरिकेचं कलमच बदलतं, लग्नाबाहेर झालेल्या बाळाला बापाकडून मिळायचं तर नातं ठोस पुराव्यानं सिद्ध करणं, पोसायचं लेखी देणं वगैरे जास्तीच्या अटी येतात. शिवाय भारताचं अपॉस्टिल (दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का) जर्मनी मान्य करत नाही, त्यामुळे श्टांडेसाम्टनं भारतीय दाखल्याची पडताळणी मागितली तर वेळ जातो. किती जातो ते त्या त्या ऑफिसवर, म्हणून सातव्या महिन्याच्या आत एकदा तिथं जाऊन काय काय लागेल ते विचारून यायचं.

२०१९ चं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. २८ ऑगस्ट २०१९ ला इमिग्रेशन खात्यानं एक धोरण बदललं आणि बातमी अशी पसरली की आता बाहेर जन्मलेली सैनिकांची मुलं सिटिझन नाहीत. त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवायला मिळाला नाही, एकीनं तर बाळंतपणासाठी नवव्या महिन्यात विमानानं जायचं ठरवलं होतं, विमान कंपनीनंच बसू दिलं नाही म्हणून वाचली. प्रत्यक्षात जन्मतः सिटिझनशिपच्या नियमाला, म्हणजे वर सांगितलेल्या ५ वर्षांच्या कलमाला, हात लागलेलाच नव्हता. बदल होता तो जी मुलं जन्मतः सिटिझन नाहीत त्यांच्या नंतरच्या रस्त्याबद्दल. असं मूल ग्रीन कार्डवर, १८ च्या आत, सिटिझन आईबापाच्या ताब्यात अमेरिकेत राहत असलं की आपोआप सिटिझन होतं, २००० चा कायदा आहे, २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू. आधी बेसवर राहणाऱ्या फौजीचं मूल "अमेरिकेत राहतंय" असं धरायचे, ते धरणं खात्यानं बंद केलं. पण पुढं मार्च २०२० मधे संसदेनंच कायदा करून ते परत दिलं, ऑर्डर्सवर बाहेर असलेल्या सैनिकाबरोबर राहणाऱ्या ग्रीन कार्डवाल्या मुलाला आता ते आपोआप मिळतं. २०१९ चा फॉरवर्ड अजून फिरतो, २०२० चा कुणी फिरवला नाही.

हे नंतरचे रस्ते तुम्हालाही माहीत असावेत, समजा काही कारणानं दिवस कमी भरले तर. एक, भावानं बाळासाठी इमिग्रंट व्हिसा करायचा, बाळ ग्रीन कार्डवर अमेरिकेत उतरून त्याच्याबरोबर राहायला लागलं की सिटिझन. वहिनींना तोवर ग्रीन कार्ड मिळालेलं असतं आणि त्या तात्पुरत्या बाहेर असताना बाळ झालं असतं, तर दोन वर्षांच्या आत आईच्या पहिल्याच परतीच्या वेळी बरोबर नेलेल्या बाळाला वेगळा व्हिसाही लागत नाही, पण ते तुमच्याकडे आत्ता नाही. दुसरा रस्ता एन-६००के नावाचा अर्ज, बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी. त्यात बापाचे दिवस कमी असतील तर सिटिझन आजी किंवा आजोबांचे दिवस धरता येतात, आणि फौजीच्या मुलाला शपथेसाठी अमेरिकेत जावंच लागतं असं नाही. तुमचे आईवडील अजून ग्रीन कार्डवरच असतील तर मात्र त्याचा उपयोग नाही. हे सगळं १८ च्या आत संपवावं लागतं, अर्ज करून नव्हे, संपवून.

आणि काहीच न करता बसलं तर काय होतं, त्याचं एक प्रकरण कोर्टाच्या निकालात आहे, थॉमस विरुद्ध लिंच, पाचवं सर्किट (अमेरिकेचं केंद्रीय अपील कोर्ट), २०१५. १९८६ ला जर्मनीत अमेरिकन आर्मीच्या तळावर जन्म. बाप अमेरिकन सैनिक, १९८४ ला सिटिझन झालेला, मूळ जमैकाचा. आई केनियाची. तेव्हा अट १० वर्षांची होती, बापाची भरत नव्हती. मूल लहानपणीच ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलं, तिथंच वाढलं. मोठेपणी गुन्ह्यांच्या केसेस झाल्या, म्हणून डिपोर्टेशन निघालं, आणि तेव्हा त्याचा मुद्दा हाच होता की मी बेसवर जन्मलो म्हणजे अमेरिकेतच जन्मलो. कोर्टानं सांगितलं, बेस अमेरिकेत येत नाही. २०२५ मधे त्याला जमैकाला पाठवलं, जिथं तो कधी राहिलाच नव्हता. तुमच्या भावाच्या युनिटमधल्या त्या दोघांना हे वाचून दाखवा.

भाऊ गमतीत म्हणतो ना की पोरगा प्रेसिडेंट होईल, त्यावरून आठवलं. जॉन मॅकेन १९३६ ला पनामा कालव्याच्या पट्ट्यात, कोको सोलोच्या नौदल तळावर जन्मले. आईबाप दोघं अमेरिकन. तरी पट्ट्यात अमेरिकन पालकांना झालेल्या मुलांसाठी १९३७ ला वेगळा कायदा करावा लागला, तो मागच्या तारखेपासून लागू केला, आणि २००८ ला ते प्रेसिडेंटला उभे राहिले तेव्हा सिनेटला ठराव करावा लागला की हे जन्मतः सिटिझनच आहेत. ॲडमिरलच्या नातवाची ही कथा.

भारताचं कलम थोडक्यात, पण महत्त्वाचं. बाहेर जन्मलेलं मूल आई भारतीय आहे म्हणून आपोआप भारतीय होत नाही, ३ डिसेंबर २००४ नंतरच्या जन्मांना एका वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमधे नोंद लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापाला लिहून द्यावं लागतं. उशीर झाला तर दिल्लीची परवानगी. म्हणून मी काय सांगते, अमेरिकेचं काम पहिल्या तीन-चार महिन्यात मार्गी लावा. ते झालं तर भारतीय नोंद करायची नाही, वहिनी भारतीय आहेत म्हणून बाळाला ओसीआय, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात येण्याजाण्याचं कार्ड, मिळेल. नाही झालं, तर ते एक वर्ष हातात असलं पाहिजे, नाहीतर बाळ जर्मन नाही (आईबाप बरीच वर्षं तिथले कायमचे रहिवासी असतील तरच मिळतं, फौजींना सहसा लागूच होत नाही), अमेरिकन नाही आणि भारतीयही नाही, अशी वेळ येते. आणि दोन्ही पासपोर्ट ठेवायची हुशारी कुणी सुचवली तर ऐकू नका. बाय द वे, ओसीआय परदेशी फौजेत असलेल्याला किंवा निवृत्त झालेल्यालाही मिळत नाही. म्हणजे गणपतीला घरी येताना बाळ ओसीआयवर, आई भारतीय पासपोर्टवर आणि बाप व्हिसाच्या रांगेत. आमच्या ओळखीत एक जण दर वर्षी यावरून टोमणे खातो.

मावसभावाचं वेगळं आहे, देश वेगळा, कायदा वेगळा. गंमत म्हणजे सायप्रसमधले अक्रोतिरी आणि ढेकेलिया हे तळ खरोखरच ब्रिटिश मालकीचे आहेत, १९६० ला सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटननं ते स्वतःकडेच ठेवले. तरीही तिथं जन्मला म्हणून कुणी ब्रिटिश सिटिझन होत नाही. आई किंवा बाप ब्रिटिश सिटिझन असेल आणि ब्रिटनमधे भरती होऊन सैन्यात असेल तर बाळ जन्मतः सिटिझन, तेही ब्रिटनमधे जन्मल्यासारखं पूर्ण. तो अजून भारतीय पासपोर्टवरच नोकरी करत असेल, तर १३ जानेवारी २०१० पासूनच्या जन्मांसाठी सैनिकाच्या मुलाची नोंदणी करून सिटिझनशिप घेता येते, आपोआप होत नाही, अर्ज करायचा. त्यातलं बाकी मला हातखंडा नाही, त्यानं त्याच्या युनिटच्या वेल्फेअर ऑफिसात विचारावं.

परत तुमच्याकडे येते. भावानं बेसवरच्या लीगल असिस्टन्स ऑफिसात अपॉइंटमेंट घ्यावी, फौजींना फुकट असतं, तिथं खरा वकील बसतो, माझा हिशोब त्याच्यासमोर ठेवा आणि तपासून घ्या. २०२१ च्या त्या ९ महिन्यांचे कागद आत्तापासून जमवा, काकांच्या दुकानात पगारावर होता का, बँकेत खातं उघडलं होतं का, कोविडची लस कुठल्या तारखेला कुठं घेतली, ते कार्ड असेल तर सोनं आहे.

आणि त्याचा जुना भारतीय पासपोर्ट. सिटिझन झाल्यावर तो रद्द करून घ्यावा लागतो, पण शिक्का मारून परत देतात, आणि पोरं तो टाकून देतात. त्यात मुंबई विमानतळाचे जातानाचे-येतानाचे शिक्के आहेत, अमेरिकेनं ग्रीन कार्डवाल्याला शिक्का मारला नसला तरी आपल्या लोकांनी मारलेला असतो. तो कुठंय ते आजच विचारा. बहुतेक तुमच्या आईच्या कपाटात असेल, साड्यांच्या खाली, लग्नाच्या अल्बमशेजारी.